रुग्णवाहिकेच्या कर्मचाऱ्यावर हात उगारला, त्यानेही उलट मारलं: गुन्हा कुणावर, स्वसंरक्षण कुठपर्यंत?

प्रश्न: पायलट_प्रशिक्षक

रुग्णवाहिकेच्या चालकांसाठी (आमच्याकडे पायलटच म्हणतात) आणि गाडीवरच्या डॉक्टरांसाठी दोन तासांचा प्रशिक्षण वर्ग तयार करतोय. ऑक्सिजन, स्ट्रेचर, सीपीआर (बंद पडलेल्या हृदयासाठी छाती दाबणं) यांवर साहित्य भरपूर मिळतं. "अंगावर आले तर आम्ही काय करायचं?" या प्रश्नावर मात्र "संयम ठेवा, ११२ ला फोन लावा" यापलीकडे कुणी जात नाही. पोलीस येईपर्यंतच्या पंधरा मिनिटांबद्दल कुणी बोलत नाही.

वर्गात मांडायचे पाच प्रसंग असे:

१) गाडी उशिरा आली म्हणून पेशंटच्या भावाने पायलटची कॉलर धरली, कानाखाली मारली. पायलटने ठोसा दिला, भावाच्या नाकाचं हाड मोडलं.

२) सीपीआर चालू असताना मुलाला वाटलं की वडिलांना मारताहेत. त्याने डॉक्टरला जोरात ढकललं, डॉक्टरचं मनगट मोडलं. मुलगा म्हणतो, "मी वडिलांना वाचवत होतो."

३) बरळणारा पेशंट लाथा मारतोय, चावतोय. दारू प्यायलाय की शुगर उतरलीय, कळत नाही.

४) पूर्ण शुद्धीवरचा पेशंट "मला यायचं नाही" म्हणतोय. घरच्यांच्या आग्रहाखातर त्याला उचलून स्ट्रेचरवर घातलं, तेव्हा त्याने झटापट केली आणि एकाला लागलं.

५) जमावाने गाडीला वेढा घातला, किल्ली काढून घेतली, काच फोडली.

प्रत्येकात कोणती कलमं लागतात? स्वसंरक्षण कोण म्हणू शकतं, कोण नाही? आणि "३५३ लावला की पाच वर्षं" हे अजून खरं आहे का?

---

उत्तर: फौजदारी_बाजू

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण ही चूक पोलीस ठाण्यातही ऐकू येते. १ जुलै २०२४ पासून घडलेल्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहिता लागते. जुन्या भारतीय दंड विधानाच्या (भा.दं.वि.) ३५३ ला, म्हणजे लोकसेवकावरच्या हल्ल्याच्या कलमाला, महाराष्ट्राने २०१८ मध्ये राज्यदुरुस्ती करून पाच वर्षांची शिक्षा केली होती. ती दुरुस्ती भा.दं.वि.बरोबरच गेली. आता लोकसेवकावर हल्ला किंवा बळाचा वापर म्हणजे कलम १३२, कमाल दोन वर्षं. दुखापत झाली असेल तर १२१(१), कमाल पाच वर्षं. गंभीर दुखापत असेल तर १२१(२), एक ते दहा वर्षं. सगळी दखलपात्र आणि अजामीनपात्र.

पण खरी मेख वेगळीच आहे. ही कलमं लोकसेवकासाठी आहेत. कंत्राटी संस्थेच्या पगारावरचा पायलट कलम २(२८) प्रमाणे लोकसेवक ठरतो का, हा मुद्दा बचावाचा वकील पहिल्याच तारखेला काढणार. म्हणून फिर्याद फक्त १२१ आणि १३२ वर उभी करू नका. लोकसेवक असो वा नसो, लागू पडणारी कलमं सोबत हवीत: ११५(२) साधी दुखापत, ११७(२) गंभीर दुखापत, ३५१ धमकी, १२६ अटकाव, ३२४ नुकसान. त्याशिवाय महाराष्ट्राचा २०१० चा वैद्यकीय सेवा व्यक्ती आणि संस्था यांच्यावरील हिंसाचार प्रतिबंधक कायदा आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र, आणि मोडतोडीच्या दुप्पट भरपाई. ती न भरल्यास जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. डॉक्टर, परिचारिका, पॅरामेडिकल कर्मचारी त्यात येतात आणि खासगी रुग्णालयही. एवढं ध्यानात असू द्या की त्या कायद्याचा सगळा रोख रुग्णालयाच्या आवाराकडे आहे. भर रस्त्यातल्या प्रसंगात त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहू नये.

आता स्वसंरक्षण. संहितेत त्याला खासगी बचावाचा हक्क म्हणतात, कलमं ३४ ते ४४. भा.दं.वि.च्या जुन्या ९६ ते १०६ ची ही जवळजवळ तीच वाट आहे. चार गोष्टी पाठ करून घ्या, पाचही प्रसंग त्यांतच सुटतात.

हक्क गुन्ह्याविरुद्ध असतो, अपमानाविरुद्ध नाही. आईबहिणीवरून शिव्या दिल्या, मोबाईल रोखून व्हिडिओ काढला, "बघून घेतो" म्हटलं, तरी हात उचलायचा हक्क मिळत नाही. अंगावर येणारा माणूस, उगारलेला दगड, दाबलेला गळा यांच्याविरुद्ध मिळतो. पहिला फटका बसेपर्यंत थांबावं लागत नाही. धोक्याची रास्त भीती निर्माण झाली की कलम ४० प्रमाणे हक्क सुरू होतो.

तो भीती असेपर्यंतच टिकतो. न्यायालयात बहुतेक बचाव इथेच पडतात. समोरचा मागे सरला, खाली पडला, लोकांनी त्याला धरला, की हक्क संपला. त्यानंतरची प्रत्येक लाथ हा स्वतंत्र गुन्हा आहे. आधी त्याने मारलं होतं, याचा तिथे उपयोग नाही.

इजा गरजेपुरतीच. हे कलम ३७. मात्र न्यायालय ते सोनाराच्या काट्यावर तोलत नाही. दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य (२०१०) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या हक्काची तत्त्वं एकत्र मांडली आहेत: अंगावर आलेल्या माणसाने पळूनच गेलं पाहिजे असं नाही, आणि त्या क्षणी इंच-इंच हिशोब करणं त्याच्याकडून अपेक्षित नाही.

चौथी अट, पोलिसांची मदत घ्यायला वेळ होता का? त्याच कलम ३७ मध्ये ती आहे. दार आतून लावून गाडी पुढे काढता येत होती, चौकी समोर होती, तरी पायलट खाली उतरून भिडला, तर बचाव लंगडा पडतो.

प्रसंग १. कानाखाली मारणं हा शरीराविरुद्धचा गुन्हा आहे, तेव्हा पायलटला हक्क मिळाला. कॉलर सोडवणं, हात पिरगाळून बाजूला करणं, ढकलून अंतर करणं, हे निर्धोक. ठोसा कॉलर धरलेली असताना आणि दुसरी थप्पड येत असताना दिला, तर बचाव उभा राहतो. कॉलर सुटल्यावर, चार पावलं चालत जाऊन दिला, तर नाही. नाकाच्या हाडाचं काय? कलम ११६ मध्ये हाड किंवा दात मोडणं ही गंभीर दुखापत आहे, जखम दिसायला केवढीही असो. म्हणजे उशिरा दिलेल्या त्या ठोशावर ११७(२), सात वर्षांपर्यंत. फार तर अचानक व तीव्र प्रक्षोभाचं १२२(२) मागता येईल, तरी पाच वर्षांपर्यंत आहेच. (पूर्वी वीस दिवस तीव्र वेदना किंवा रोजचे व्यवहार बंद म्हणजे गंभीर, आता पंधरा दिवस. दाखला लिहिणाऱ्यांनी लक्षात ठेवावं.)

हातात काय होतं, यानेही कलम बदलतं. ऑक्सिजन सिलिंडरचा पाना, जॅकचा दांडा, सलाईनचा लोखंडी स्टँड वापरला की गोष्ट ११८ कडे, म्हणजे घातक हत्याराने केलेल्या दुखापतीकडे, सरकते. त्यातलं ११८(२) किमान एक वर्ष ते जन्मठेप असं आहे.

प्रसंग २ सगळ्यात रोचक. कलम ३५ मुळे दुसऱ्याच्या शरीराचाही बचाव करता येतो, म्हणजे मुलाचं म्हणणं हवेतलं नाही. पण बचाव गुन्ह्याविरुद्ध लागतो आणि सीपीआर गुन्हा नाही. बेशुद्ध माणसावर त्याच्या भल्यासाठी सद्भावनेने केलेल्या कृतीला कलम ३० चं संरक्षण आहे. मग मुलाकडे उरतं कलम १७: वस्तुस्थितीबद्दल गैरसमज होऊन, सद्भावनेने केलेली कृती. सद्भावना याचा संहितेतला अर्थ मन साफ असणं नव्हे, तर रास्त काळजी व लक्ष देऊन वागणं. गणवेश, उघडी रुग्णवाहिका, "हृदय बंद पडलंय, छाती दाबतोय, मध्ये येऊ नका" असं मोठ्याने सांगितलेलं, एवढं असेल तर गैरसमजाला फारशी जागा नाही. काहीच न सांगता साध्या कपड्यातल्या माणसाने दाबायला सुरुवात केली असेल आणि फासळी मोडल्याचा आवाज आला असेल, तर मुलाचा बचाव बराच तगडा होतो. सीपीआरमध्ये छाती मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबतात. फासळ्या मोडणं त्यात नवीन नाही, पण घरच्यांना ते ठाऊक नसतं. म्हणून ती एका वाक्याची सूचना उपचाराइतकीच कायद्याच्याही कामाची आहे.

प्रसंग ४ मध्ये चूक बहुतेक वेळा आपल्याच बाजूची असते. सज्ञान, समज शाबूत असलेल्या माणसाला उपचार नाकारायचा हक्क आहे. बायको, मुलगा, सरपंच कुणीही सांगितलं तरी त्यांची संमती त्याच्या संमतीची जागा घेत नाही. त्याला जबरदस्तीने उचललं तर बळाचा वापर, दार लावून नेलं तर बेकायदा बंदिवास, कलम १२७. आणि मग खासगी बचावाचा हक्क त्याला मिळतो, तुमच्याविरुद्ध. त्याने हिसडा मारला, ढकललं, त्यात कर्मचारी पडला, तर त्या पेशंटवर गुन्हा टिकवणं अवघड. दगड घेऊन डोक्यात घातला तर ते मात्र गरजेपेक्षा जास्त.

---

उत्तर: कॅज्युअल्टी_ड्युटी

वकीलसाहेबांनी प्रसंग ३ माझ्यासाठी सोडला असावा.

कायदा एका ओळीत: कलम ३६. समोरचा वेडाच्या भरात किंवा नशेत असल्यामुळे त्याचं कृत्य गुन्हा ठरत नसलं, तरी तुमचा बचावाचा हक्क तेवढाच राहतो. म्हणजे शुगर उतरलेल्या पेशंटची लाथ गुन्हा नाही आणि ती अडवणं हाही गुन्हा नाही. पण त्याला मारणं कधीच "गरजेपुरतं" ठरणार नाही, कारण धरून ठेवणं हा पर्याय जवळजवळ नेहमी असतो. न्यायाधीश विचारणार, चार माणसं होती, मग ठोसा कशाला?

त्याही आधीचं वाक्य वर्गात फळ्यावर लिहा: लाथा मारणारा पेशंट आधी आजारी समजा, मग दारूडा. दारूचा वास आला म्हणून शुगर तपासायची राहून जाते आणि पुढचं सगळं त्यातून निघतं. वास आणि कमी शुगर एकाच वेळी असू शकतात, रिकाम्या पोटी दारू प्यायलेल्यांत तर जास्तच. क्रम असा ठेवा:

ग्लुकोमीटर आधी. ७० मि.ग्रॅ. प्रति डेसिलिटरच्या खाली म्हणजे कमी. ५४ च्या खाली माणूस गोंधळतो, चिडतो, ओळखीच्यांनाही मारतो. शिरेतून २५ टक्के डेक्स्ट्रोज १०० मि.लि. म्हणजे २५ ग्रॅम ग्लुकोज. बहुतेक वेळा पाच-दहा मिनिटांत तोच माणूस "मला काय झालं होतं?" विचारतो. पूर्ण शुद्ध नसलेल्याच्या तोंडात साखर कोंबू नका. मग ऑक्सिमीटर, कारण ऑक्सिजन कमी असला तरी माणूस असाच झटापट करतो आणि मास्क फेकून देतो. मग डोक्याला मार आहे का, नुकतीच फिट येऊन गेली का, ताप आहे का, रोज पिणाऱ्याची दारू दोन-तीन दिवसांपासून बंद आहे का, हे नातेवाइकांना विचारायचं.

तरीही धरावं लागलं तर पाच माणसं: प्रत्येक हातापायाला एक, डोक्याशी एक. डोक्याशी असलेल्यानेच बोलायचं, बाकी गप्प. एकाच वेळी पाच जण ओरडायला लागले की घाबरलेला पेशंट आणखी चवताळतो. पट्टे मनगटाला आणि घोट्याला, खाली दोन बोटं जातील इतके सैल. छातीवरचा पट्टा श्वास घेताना फासळ्या उचलू देईल असा. एक हात वर, एक खाली बांधला तर जोर कमी लागतो. स्ट्रेचरची डोक्याकडची बाजू तीसेक अंश वर. आणि पट्टा गाडीच्या चौकटीला नको, स्ट्रेचरच्या चौकटीला; नाहीतर उतरवताना खांदा निखळतो.

पालथा कधीही नाही. पाठीवर गुडघा नाही, मानेवर हात नाही, तोंडावर उशी किंवा फडकं नाही. पालथ्या माणसाचं पोट दाबलं जातं, श्वासपटल खाली उतरत नाही, तो सुटायला धडपडतो, आणि आपण ती धडपड "अजून मस्ती" समजून आणखी दाबतो. मग तो एकदम शांत होतो. शांत झाला म्हणून सगळे सुटकेचा श्वास सोडतात, तोच क्षण सर्वांत धोक्याचा. नाडी, श्वास, ऑक्सिजन दर पाच मिनिटांनी बघा आणि वेळेसकट लिहा. थुंकत असेल तर साधा सर्जिकल मास्क चालेल, मात्र उलटी होण्याची शक्यता असेल तर तोही नको.

भुलीचं किंवा झोपेचं इंजेक्शन "त्याला गप्प करायला" देऊ नका. उपचाराचं कारण, अंदाजे वजन, मात्रा, वेळ आणि नंतरची देखरेख कागदावर नसेल तर सद्भावनेचं संरक्षण डळमळतं. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये २०१९ साली पोलिसांनी धरून ठेवलेल्या एका तरुणाला त्याच्या वजनाच्या मानाने जास्त, ५०० मि.ग्रॅ. केटामाइन दिलं गेलं आणि तो दगावला. २०२३ मध्ये दोन पॅरामेडिक तिथल्या फौजदारी हलगर्जीच्या मृत्यूखाली दोषी ठरले. कायदा परका आहे, पण औषध आणि शरीर तेच. आपल्याकडे अशा वेळी कलम १०६(१), निष्काळजीपणाने मृत्यू.

मानसिक आजाराचा पेशंट असेल तर २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम ९४ वाचून घ्या. जिवाला धोका, स्वतःला किंवा इतरांना गंभीर इजा, किंवा मालमत्तेची मोठी हानी टाळण्यासाठी नोंदणीकृत डॉक्टर तातडीचा उपचार करू शकतो, जवळच्या मानसिक आरोग्य संस्थेत नेणंही त्यातच येतं. नामनिर्देशित प्रतिनिधी हजर असेल तर त्याची संमती, आणि मर्यादा साधारण ७२ तास. "घरच्यांना त्रास देतो" हे त्यात बसत नाही.

प्रसंग ४ ला जोड: समज शाबूत आहे की नाही हे अंदाजाने ठरवू नका. त्याला काय झालंय असं वाटतं, नेलं नाही तर काय होऊ शकतं, आणि तरी नकार का, हे त्याच्याच शब्दांत विचारून त्याच्याच शब्दांत लिहा. "पेशंटने नकार दिला" एवढं लिहिलेला कागद कुचकामी. "छातीत दुखतंय, हार्ट अटॅक असू शकतो आणि जीव जाऊ शकतो हे समजलं, तरी मुलगा पुण्याहून येईपर्यंत थांबतो म्हणाले", हा कागद कामाचा. सही, साक्षीदार, वेळ, त्या वेळची शुगर आणि रक्तदाब. आणि त्याला सांगून ठेवा की मन बदललं तर पुन्हा फोन करा, गाडी येईल.

---

उत्तर: ठाणे_अंमलदार_निवृत्त

कलमं झाली. आता केस कुठे मरते ते सांगतो.

मारामारीत दोन्ही बाजू ठाण्यात येतात. तुम्ही गुन्हा दाखल केला की तासाभरात समोरचेही येतात: "डॉक्टरनेच मारलं," "पायलट दारू प्यायला होता," आणि बाई असेल तर विनयभंग, म्हणजे कलम ७४. याला क्रॉस केस म्हणतात. दोन्ही खटले एकाच न्यायाधीशापुढे, एकामागोमाग चालवायचे, हे नथी लाल विरुद्ध उत्तर प्रदेश (१९९०) पासून ठरलेलं आहे. म्हणजे तुमच्या फिर्यादीतलं एकेक वाक्य दुसऱ्या खटल्यात तुमच्यावरच उलटतं. अन् सर्रास होणारी चूक म्हणजे फिर्यादीत स्वतः मारलेला फटका लपवणं. "मी हातही लावला नाही" असं लिहून दिलं आणि समोरच्याचं नाक एक्स-रेमध्ये मोडलेलं निघालं, की नंतर स्वसंरक्षण म्हणायला तोंड राहत नाही. न्यायालय कागदावरून स्वतःहून बचाव मान्य करू शकतं, मुन्शी राम विरुद्ध दिल्ली प्रशासन (१९६८) तेच सांगतं, पण तुमचाच जबाब आडवा आला तर अवघड. सरळ लिहा: त्याने डाव्या हाताने कॉलर धरली, उजव्या हाताने दोन चापटा मारल्या, तिसरी मारायला हात वर केला तेव्हा मी त्याला ढकललं आणि एक ठोसा लागला, तो मागे सरला, मी थांबलो.

"मी थांबलो" हे दोन शब्द खरे असतील तर विसरू नका.

पुराव्याचं ओझं कितपत? नवीन साक्ष अधिनियमाच्या कलम १०८ प्रमाणे अपवाद सिद्ध करायची जबाबदारी आरोपीची, पण सरकारी पक्षाइतकी कडक नाही. आपलं म्हणणं जास्त संभवनीय आहे एवढं दाखवलं की पुरे.

स्वतःची वैद्यकीय तपासणी त्याच दिवशी करून घ्या, छोटा ओरखडा असला तरी. फिर्यादी पक्षाने आरोपीच्या अंगावरच्या जखमांचा खुलासा केला नाही तर त्याचा फायदा आरोपीला जातो, लक्ष्मी सिंग विरुद्ध बिहार (१९७६). हे दुधारी आहे: तुमच्या जखमा तुमच्या क्रॉस केसमध्ये कामाला येतात, त्याच्या त्याच्या. दाखल्यात जागा, लांबी-रुंदी, रंग हवा. हाताच्या करंगळीकडच्या बाजूला, कोपराखाली असलेले वळ म्हणजे वार अडवताना झालेल्या जखमा. डॉक्टरने ते नेमकं लिहिलं तर शंभर जबाबांच्या बरोबरीचं. आणि भांडणातल्याच डॉक्टरने समोरच्याचा दाखला लिहू नये. नाक मोडलेल्या भावावर तातडीचे उपचार मात्र करावेच लागतात, मारहाण झाली म्हणून ते टाळता येत नाहीत. परमानंद कटारा निकाल १९८९ चा आहे. तेव्हा उपचार करा, दाखला दुसऱ्या डॉक्टरकडून.

कॉल किती वाजता आला, गाडी किती वाजता निघाली, किती वाजता पोचली, हे कॉल सेंटरच्या नोंदीत आणि जीपीएसमध्ये असतं. उशिराचा आरोप त्यानेच खोडला जातो किंवा खरा ठरतो. सीसीटीव्ही फुटेज काही दिवसांत पुसलं जातं, म्हणून पहिल्याच दिवशी लेखी अर्ज देऊन पोच घ्या. मोबाईलवरचा मूळ व्हिडिओ त्याच मोबाईलमध्ये राहू द्या; व्हॉट्सॲपवर फिरलेली प्रत दाबली जाते, तारीख-वेळेची माहिती गळते. न्यायालयात साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, आणि त्यात आता हॅश मूल्यही (फाईलमध्ये बदल झालेला नाही हे दाखवणारा सांकेतिक आकडा) द्यावं लागतं.

फिर्याद कुणी द्यायची? मारहाण झालेल्याने द्यावीच, पण संस्थेनेही द्यावी. केंद्र सरकारच्या रुग्णालयांना ऑगस्ट २०२४ मध्ये निर्देश आहेत की ड्युटीवर हल्ला झाला तर संस्थाप्रमुखाने सहा तासांच्या आत गुन्हा नोंदवायचा. बाकीच्यांनीही हाच नियम घालून घ्यायला हरकत नाही. हद्दीचा वाद निघाला तर झिरो एफआयआर (हद्द कुणाचीही असो, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येणारा गुन्हा) मागा. रुग्णवाहिका तीन ठाण्यांच्या हद्दीतून जाते, तेव्हा हा वाद हमखास निघतो.

एक गैरसमज: अजामीनपात्र म्हणजे लगेच अटक नव्हे. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलीस नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची नोटीस देऊन बोलावू शकतात. ती नोटीस पायलटलाही येते. आली तर हजर राहा, न गेल्यास अटकेचं कारण तुम्हीच दिलंत.

---

पायलट_प्रशिक्षक (मूळ प्रश्नकर्ता)

फार कामाचं. प्रसंग ५ राहिला. जमावातून गाडी पुढे काढली आणि कुणाला धक्का लागला तर? आणि काही जण गाडीत पेपर स्प्रे ठेवू का विचारतात.

---

उत्तर: फौजदारी_बाजू

किल्ली काढून घेणं, गाडी पुढे जाऊ न देणं म्हणजे अटकाव, १२६. आत पेशंट असेल आणि अडवल्यामुळे तो दगावला, तर पुढची कलमं त्याहून गंभीर. फिर्यादीत पेशंटची त्या वेळची अवस्था आणि किती मिनिटं अडकलात ते लिहा. काच फोडली तर ३२४. नुकसान एक लाखाच्या वर गेलं तर ३२४(५), पाच वर्षांपर्यंत. मोटार वाहन कायद्याचं १९४-ई, म्हणजे रुग्णवाहिकेला वाट न देणं, सहा महिने किंवा दहा हजार, ते मुख्यतः वाहनचालकांसाठी आहे. जमावावर त्याचा फारसा उपयोग नाही.

मालमत्तेचाही बचाव करता येतो, पण काचेसाठी माणसावर गाडी घालता येत नाही. कलम ४४ मध्ये जीवघेण्या हल्ल्यातून सुटताना निरपराध माणसाला धोका पत्करायची मुभा आहे. अट एवढीच की भीती मृत्यूची हवी आणि दुसरा मार्ग नसावा. गाडी पेटवताहेत, दार तोडून आत ओढताहेत, तेव्हा ती मुभा लागू होईल. बोनेटवर हात आपटत घोषणा देताहेत, तेव्हा नाही. तिथे पुढे रेटलीत तर २८१ (बेदरकार वाहन चालवणं) आणि कुणी दगावलं तर १०६ तुमच्यावर. सायरन चालू होता, हे उत्तर नाही.

पेपर स्प्रे ठेवू नका. २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने एका प्रकरणात तो प्रथमदर्शनी घातक हत्यार मानून गुन्हा रद्द करायला नकार दिला. आपल्यावर तो निकाल बंधनकारक नाही, पण वाद सुरू झालाय हे खरं.

---

उत्तर: कॅज्युअल्टी_ड्युटी

आणि बंद गाडीत तो फवारा पेशंटच्या फुप्फुसात जातो. दम्याचा असेल तर बघायलाच नको. वर ऑक्सिजन चालू असताना ज्वलनशील वायूचा डबा फोडायचा? माझं मत साफ नाही.

---

उत्तर: चाक_आणि_स्ट्रेचर

थोडं चालकाच्या बाजूने. घटनास्थळी गाडी उभी करताना तोंड बाहेर जायच्या दिशेला ठेवा, गल्लीत रिव्हर्स घेऊन शिरा. चालक खाली उतरला की किल्ली खिशात, इग्निशनमध्ये नाही. दुसरी किल्ली सोबतच्या डॉक्टरकडे. मागचं आणि बाजूचं दार दोन्ही आतून उघडतात का, हे प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला तपासा. बाजूचं दार आतून अडकलेल्या जुन्या गाड्या बऱ्याच आहेत, मग वेढा पडला की एकच वाट उरते. घरात शिरताना दाराकडे पाठ करून पेशंटजवळ बसू नका, आणि स्ट्रेचर दारात आडवं लावू नका. नातेवाइकांपैकी सगळ्यात जास्त ओरडणाऱ्याला काम द्या: सलाईनची बाटली धरा, रिपोर्टची फाईल आणा, पुढे जाऊन गेट उघडा. गाडीत बसायची परवानगी एकाला, आणि तो पुढे चालकाशेजारी नको. चालत्या गाडीत स्टिअरिंगला हात घालतात.